विरोधी बाकावरून मतदारसंघाचा प्रश्न लोकसभेत कसा न्यावा: निवेदनापासून आश्वासनापर्यंत

खासदारांचे मतदारसंघातले कार्यालय सांभाळणारे स्वीय सहायक आणि त्या कार्यालयात निवेदन घेऊन येणारे शेतकरी गट, प्रवासी संघ, कामगार संघटना अशा दोघांसाठी हा लेख आहे. चुका दोन्हीकडून होतात आणि त्या ठरलेल्या आहेत. विषय राज्याचा निघतो, मंत्रालय भलतेच निवडले जाते, नोटिशीची मुदत उलटून गेलेली असते, प्रश्नात प्रश्नाऐवजी भाषण असते, आणि एवढे करून उत्तर आलेच तर ते नीट कोणी वाचत नाही.

सत्ताधारी खासदाराची बरीच कामे मंत्र्याच्या दालनात चहाबरोबर होतात. विरोधी खासदाराला ती वाट नसते असे नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्याचा भरवसा नोंदीवर. मंत्र्याने सभागृहाच्या पटलावर ठेवलेले लेखी उत्तर नंतर गुपचूप बदलता येत नाही, नाकारता येत नाही, आणि त्यात ‘करू’ म्हटले असेल तर एक समिती त्याचा हिशेब मागते. म्हणून पुढचे सगळे टप्पे लेखी उत्तर मिळवण्याभोवती लावले आहेत. भाषण त्यानंतर.

आधी विधानसभेची सवय बाजूला ठेवा

मुंबई-नागपूरच्या अधिवेशनात काम केलेले सहायक दिल्लीत हमखास एक चूक करतात: लक्षवेधी मागतात. विधानसभेत दिवसाला अनेक लक्षवेधी लागतात. लोकसभेत नियम १९७ खालच्या लक्षवेधी एका बैठकीला फार तर एक-दोनच घेता येतात, आणि अलीकडे तर त्या क्वचितच लागतात. औचित्याच्या मुद्द्याचेही तसेच. विधानसभेत त्याचा जो उपयोग होतो, तो दिल्लीत शून्य प्रहर (तातडीचे विषय थोडक्यात मांडण्याची वेळ) आणि नियम ३७७ (आधी मंजूर करून घेतलेला छोटा मजकूर मांडण्याची सोय) यांच्यात विभागला आहे. नावे ओळखीची असली तरी नियम वेगळे आहेत.

## टप्पा १: विषय केंद्राच्या अंगाने पकडा

लोकसभेतला प्रश्न भारत सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो. पोलीस, पाणीपुरवठा, जमिनीच्या नोंदी, सरकारी दवाखाने, शेती हे राज्य सूचीतले विषय. तसाच प्रश्न पाठवला तर तो नाकारला जातो, किंवा ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर येते. पण बहुतेक स्थानिक तक्रारींत केंद्राचा एखादा धागा असतोच. तो शोधणे हे या टप्प्याचे काम.

राष्ट्रीय महामार्गासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला घ्या. निवाडा करणारा, म्हणजे मोबदला ठरवणारा सक्षम अधिकारी बहुधा प्रांत, म्हणजे राज्याचा माणूस. म्हणून ‘प्रांत कार्यालय पैसे देत नाही’ ही तक्रार दिल्लीत टिकत नाही. मात्र भूसंपादन होते केंद्राच्या १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली आणि पैसे येतात महामार्ग प्राधिकरणाकडून किंवा मंत्रालयाकडून. त्यामुळे विचारायचे असे: या पट्ट्यासाठी किती रकमेचे निवाडे झाले, त्यांपैकी किती रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा केली, कोणत्या तारखेला केली आणि किती वाटून झाली? जमा आणि वाटप यांतली तफावत दिसली की पैसे दिल्लीत अडकलेत की तहसिलाच्या आवारात, हे त्या कागदावरच कळते.

दुसरी गल्लत मंत्रालयाची. कांद्याइतका गोंधळ दुसऱ्या कोणत्याच विषयात होत नसावा. डिसेंबर २०२३ मध्ये आली ती निर्यातबंदी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना, वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखालची. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये लागलेले ४० टक्के निर्यात शुल्क हा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचा विषय. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठ्यासाठी होणारी खरेदी भाव स्थिरीकरण निधीतून होते, तिचा जाब ग्राहक व्यवहार विभागाकडे. आणि पीक विमा कृषी मंत्रालयाकडे. ‘कांद्याचा प्रश्न’ म्हणून सगळे कृषिमंत्र्यांना विचारले की प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि तोवर त्या मंत्रालयाचा उत्तराचा दिवस निघून जातो.

*तपासा:* विषय एका वाक्यात लिहा आणि त्याखाली तीन गोष्टी: केंद्राचा कोणता कायदा, योजना किंवा निधी, कोणते मंत्रालय, कोणता विभाग. तिन्ही रकाने भरता येत नसतील तर विषय अजून तयार नाही. पूर्णपणे राज्याचा असेल तर त्याच दिवशी स्थानिक आमदाराकडे द्या. सहा महिने धरून ठेवून मग ‘आमच्याकडे येत नाही’ सांगणे हा निवेदन देणाऱ्यावर अन्याय आहे.

## टप्पा २: अधिवेशनाच्या दोन महिने आधी कागद जमवा

निवेदनात बहुधा भावना पुष्कळ आणि आकडे कमी असतात. निवेदन घेऊन येणाऱ्यांनी किमान एवढे आणावे: गावांची नावे, गट क्रमांक किंवा किलोमीटर, बाधितांची संख्या, आधी कोणाला पत्र दिले त्याची पोच आणि आलेले उत्तर. दोनशे सह्यांच्या कागदापेक्षा एक पोच जास्त कामाची.

कार्यालयाने तीन कामे समांतर सुरू करावीत.

पहिले, जुनी उत्तरे शोधणे. लोकसभेतली जुनी प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर विषय, मंत्रालय आणि सदस्याच्या नावाने शोधता येतात. आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, म्हणून हे टाळू नका. शिवाय जुन्या उत्तरातला आकडा हाती असला की नवा प्रश्न ‘त्यानंतर काय झाले’ असा विचारता येतो आणि मंत्रालयाला पळवाट राहत नाही.

दुसरे, माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणून तो आत्ताच जायला हवा. तो संघटनेने करावा, खासदार कार्यालयाने केलाच पाहिजे असे नाही. अर्जाचे उत्तर नाही आले तरी वाया गेले असे समजू नका. ‘या विषयावरची माहिती दिली गेली नाही’ हीसुद्धा पुढे वापरता येण्याजोगी गोष्ट.

तिसरे, मंत्र्याला खासदाराचे पत्र. खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या १५ दिवसांत द्यावे, अशा केंद्राच्या सूचना आहेत. पाळल्या जातातच असे नव्हे. पण पत्राचा क्रमांक आणि तारीख पुढे शून्य प्रहरात बोलताना लागते.

रेल्वेच्या कामासाठी चौथे एक काम: त्या क्षेत्रीय रेल्वेचे पिंक बुक, म्हणजे मंजूर कामांची यादी, चाळा. फाटकाऐवजी भुयारी मार्ग हवा अशी मागणी घेऊन लोक येतात आणि ते काम आधीच मंजूर असून निधी मात्र नाममात्र टाकलेला असतो. तेव्हा प्रश्न मंजुरीचा नसतोच, पैशांचा असतो. ‘मंजूर करा’ म्हणून मागणी केली तर ‘मंजूर आहे’ असे गोड उत्तर येते आणि खड्ड्यातले पाणी पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असते.

## टप्पा ३: आयुध निवडा

अतारांकित प्रश्न. उत्तर लेखी. एका दिवसाच्या यादीत २३० प्रश्न. विरोधी सदस्यासाठी हे सर्वांत भरवशाचे साधन, आणि कारण साधे आहे: गदारोळात सभागृह अकराच्या ठोक्याला तहकूब झाले तरी लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. अख्खे अधिवेशन वाहून गेले तरी तुमच्या तालुक्याचा आकडा हाती येतो.

तारांकित प्रश्न. उत्तर तोंडी, त्यावर पुरवणी प्रश्न. दिवसाला २०, एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकच. सोडतीत वरचा क्रमांक लागला तरच तोंडी उत्तराची पाळी येते. प्रश्नोत्तराच्या तासात सगळे वीस क्वचितच होतात, पहिले पाच-सहा झाले तरी पुष्कळ. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळते. निव्वळ एका गावाचा विषय इथे बसत नाही, धोरणाचा पदर असलेला पाठवा.

नियम ३७७. साधारण २५० शब्दांचा मजकूर, आधी मंजूर करून घेतलेला. सदस्याला आठवड्यातून एकच विषय मांडता येतो, आणि संधी पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. म्हणून पक्षाच्या संसदीय कार्यालयाशी आधी बोला. नाहीतर एकाच पक्षाचे चौघे एकाच जागेसाठी रांगेत. गोंधळाच्या दिवशी हे मजकूर वाचण्याऐवजी पटलावर ठेवायला सांगितले जाते, त्यामुळे तेही सहसा वाया जात नाहीत.

शून्य प्रहर. तातडीचा विषय, दोनेक मिनिटे. सकाळी दहापर्यंत नोटीस, मग सोडत. गाजते सर्वांत जास्त हेच, आणि सभागृह बंद पडले की सर्वांत आधी बुडतेही हेच. मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नाही.

अर्धा तास चर्चा. नियम ५५. आलेले उत्तर अपुरे असेल तर. तीन दिवस आधी नोटीस आणि सोबत कारणे सांगणारी टिपणी.

याचिका. बाधितांनी सही केलेली, सदस्याने प्रतिस्वाक्षरी करून सभागृहात मांडायची. मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवे. दाखले, प्रतिज्ञापत्रे, पत्रांच्या प्रती याचिकेला जोडायच्या नसतात. जोडजोड करून जाडजूड फाईल पाठवली की ती परत येते.

स्थगन प्रस्तावाबद्दल एकच सांगतो: तो मांडायला परवानगी मिळवण्यासाठी आक्षेप आला तर ५० सदस्य उभे राहावे लागतात. मतदारसंघाच्या कामाचे ते साधन नव्हे.

> इशारा: एकच विषय एकाच आठवड्यात चार आयुधांनी मारू नका. आधी अतारांकित प्रश्न, उत्तर आल्यावर त्यातल्या आकड्यावर ३७७ किंवा शून्य प्रहर. क्रम उलटा केला तर भाषणात आकडा नसतो आणि प्रश्नात धार नसते.

## टप्पा ४: तारखा उलट्या मोजा

मंत्रालये पाच गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचा आठवड्यातला उत्तराचा वार ठरलेला असतो. अधिवेशनाची समन्स, म्हणजे सदस्यांना बोलावणारी पत्रे, निघाली की प्रश्नांच्या तारखांचा तक्ता येतो. तो छापून भिंतीवर लावा.

प्रश्नाला किमान १५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. नोटीस पोचल्याचा दिवस धरायचा नाही आणि उत्तराचा दिवसही धरायचा नाही. उत्तर २० तारखेला हवे असेल तर ५ ते १९ हे मधले पंधरा दिवस, म्हणून नोटीस ४ तारखेला आत गेलेली हवी. पाचला पाठवून ‘पंधरा दिवस तर होतात’ म्हणणारे प्रत्येक अधिवेशनात भेटतात.

नोटिसा समन्स निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घेतल्या जातात. समन्स आणि पहिली बैठक यांत फार दिवस नसतात, म्हणजे पहिल्या आठवड्याचे प्रश्न समन्सच्या आधीच लिहून ठेवलेले असायला हवेत. अधिवेशन जाहीर झाल्यावर निवेदने गोळा करायला निघालेल्या कार्यालयाचा पहिला आठवडा गेलाच म्हणून समजा. छोट्या अधिवेशनात तो तिसरा हिस्सा असू शकतो.

एका दिवसासाठी सदस्याच्या नावावर जास्तीत जास्त पाच प्रश्न स्वीकारले जातात. यापेक्षा बारीक मर्यादा, नोटीस देण्याच्या वेळा आणि नोटिसा पाठवायच्या पोर्टलवरच्या पद्धती बदलत राहतात. त्या लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात येतात. रोज सकाळी तो वाचणे हे कार्यालयातल्या एका माणसाचे नेमून दिलेले काम असावे.

> इशारा: पोर्टलचा लॉगिन आणि पासवर्ड सदस्याचाच. संघटनेचा कार्यकर्ता, सल्लागार, ओळखीचा संगणकवाला, कोणाच्याही हाती तो देऊ नका. ८ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेने महुआ मोईत्रा यांचे सदस्यत्व रद्द केले, त्या प्रकरणात लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा मुद्दा मध्यवर्ती होता. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता. मसुदा बाहेरून आला तर हरकत नाही, तो पाठवायचा मात्र सदस्याने स्वतः.

## टप्पा ५: प्रश्न लिहा

सर्वांत जास्त नोटिसा इथे पडतात, म्हणून जरा थांबून पाहू. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणे, ऐकीव किंवा काल्पनिक गोष्टी चालत नाहीत. न्यायप्रविष्ट बाब नको, मत विचारू नये, आणि सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती मागू नये.

असा मसुदा नेहमी येतो:

*‘केंद्राच्या शेतकरीविरोधी धोरणामुळे नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक देशोधडीला लागला आहे हे सरकारला मान्य आहे काय? असल्यास सरकार कधी जागे होणार?’*

यात विशेषण आहे, अनुमान आहे, उपरोध आहे. नाही ती फक्त माहितीची मागणी. आणि चुकून स्वीकारला गेलाच, तरी मंत्री पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणतील आणि दुसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. खेळ संपला.

आता हाच राग वेगळ्या पद्धतीने लिहू. प्रत्यक्ष नोटीस हिंदीत किंवा इंग्रजीत जाईल. आशय असा:

*ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री पुढील माहिती देतील काय:*
*(क) गेल्या तीन वर्षांत भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड व एनसीसीएफ यांनी महाराष्ट्रात खरेदी केलेल्या कांद्याचे वर्षनिहाय व जिल्हानिहाय प्रमाण आणि सरासरी दर;*
*(ख) त्यांपैकी थेट शेतकऱ्यांकडून आणि शेतकरी उत्पादक कंपन्या वा सहकारी संस्थांमार्फत झालेली खरेदी किती, लाभार्थी शेतकऱ्यांची जिल्हानिहाय संख्या किती;*
*(ग) खरेदीनंतर शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा करण्याची विहित मुदत किती आणि मुदत उलटून प्रलंबित असलेली रक्कम किती;*
*(घ) खरेदीतील अनियमिततेच्या किती तक्रारी आल्या आणि प्रत्येकीवर कोणती कारवाई झाली?*

एकही विशेषण नाही. पण (क) मधला सरासरी दर त्याच काळातल्या लासलगावच्या बाजारभावाशेजारी ठेवला की जे म्हणायचे ते आकडेच म्हणतात. (ख) मध्ये मधल्या संस्थांचा वाटा उघड होतो. (ग) मध्ये मुदत आणि थकबाकी एकत्र विचारली आहे, कारण नुसती मुदत विचारली तर ती पाळली गेली की नाही हे कळत नाही. आणि चारही भाग स्वतंत्र उभे आहेत.

शेवटचा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. ‘...हे खरे आहे काय, असल्यास तपशील, असल्यास कारणे, असल्यास उपाययोजना’ अशी साखळी ओवण्याची जुनी सवय आहे. पहिल्या कडीला ‘नाही’ आले की सगळी साखळी गळून पडते. किमान दोन भाग ‘किती’ आणि ‘कधी’ने सुरू करा.

जिल्हानिहाय माहिती मागताना एक सावधगिरी. केंद्र ती ठेवतच नसेल तर ‘अशी आकडेवारी केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही’ हे उत्तर येते. त्या मंत्रालयाच्या जुन्या उत्तरांत जिल्ह्याचे तक्ते आहेत का ते आधी पाहा. नसतील तर राज्यनिहाय मागा आणि आपल्या जिल्ह्याचा एकच नेमका भाग जोडा.

*पाठवण्यापूर्वी तपासा:* शब्द मोजले का? तीन वर्षांपेक्षा जुनी माहिती उगाच मागितली नाही ना? कोणा व्यक्तीचे, ठेकेदाराचे नाव नाही ना? विषय कोणत्या न्यायालयात तर नाही? मंत्रालय आणि तक्त्यातला वार जुळतो का?

## टप्पा ६: दोन मिनिटांचे भाषण

शून्य प्रहरातली दोन मिनिटे म्हणजे सावकाश बोलल्यास जेमतेम दोनशे शब्द. त्यात अध्यक्षांचे आभार, मतदारसंघाचा इतिहास आणि थोर पुरुषांना वंदन यांतच ऐंशी शब्द जातात, आणि मागणीच्या वाक्याला माईक बंद होतो. म्हणून मागणी दुसऱ्याच वाक्यात. क्रम असा ठेवा: ठिकाण आणि मागणी, एक आकडा, त्या आकड्याचा आधार म्हणजे अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्नाचे उत्तर, झालेली हानी एका ओळीत, पुन्हा मागणी. कागदावर मोठ्या अक्षरात, एका बाजूला, घड्याळ लावून दोनदा वाचून.

नियम ३७७ मध्ये मंजूर मजकुराबाहेरचे बोलले तर ते नोंदीत जात नाही. तिथे उत्स्फूर्तपणाला वाव नाही, त्यामुळे सगळी हुशारी मसुद्यातच खर्च करा.

मराठीत बोलायचे असेल तर सचिवालयाला आधी कळवा, म्हणजे भाषांतराची सोय राहते. मतदारसंघात मराठी भाषण जास्त पाहिले जाते हे खरे. पण मागणीचे वाक्य आणि आकडा हिंदीत किंवा इंग्रजीत पुन्हा सांगितला तर समोर बसलेल्या राज्यमंत्र्यांनाही तो टिपून घ्यावासा वाटतो.

सोडतीत नाव नाही लागले तर? ज्यांचे लागले त्या सदस्याशी आपले नाव संबद्ध करण्याची चिठ्ठी द्या. शेजारच्या मतदारसंघाच्या, अगदी समोरच्या बाकावरच्या सदस्याशीसुद्धा. कांदा, ऊस, कोकण रेल्वे यांसारख्या विषयांत पक्ष आडवे येऊ देण्याचे कारण नाही.

> इशारा: एखाद्या व्यक्तीवर आरोप करायचा असेल तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पूर्वसूचना द्यावी लागते, नियम ३५३. न दिल्यास वाक्य कामकाजातून वगळले जाते. वगळलेल्या वाक्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणे ही वर आणखी एक अडचण.

## टप्पा ७: सभागृहातला दिवस, आणि निलंबनाचा धोका

तारांकित प्रश्न लागला असेल तर उत्तराची प्रत सभागृह भरण्यापूर्वी मिळते. तेवढ्यात दोन पुरवणी प्रश्न नव्याने बेतावे लागतात. घरून लिहून आणलेले पुरवणी प्रश्न बहुधा उत्तरातच निकालात निघालेले असतात. प्रत्येक पुरवणीत एकच प्रश्न, प्रस्तावना एका वाक्याची. ‘मंत्रिमहोदयांनी सांगितलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष वितरित किती?’ यावर मंत्र्याला आकडा द्यावा लागतो. ‘सरकार याबाबत गंभीर आहे का?’ यावर फक्त ‘आहे’ म्हणावे लागते.

पक्षाचा आदेश घोषणाबाजीचा आणि त्याच दिवशी आपला तारांकित प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर, असा पेच येतो. त्याचे उत्तर आदल्या संध्याकाळी प्रतोदांशी बोलून मिळवायचे, सकाळी अकराला नव्हे.

हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरणे, फलक दाखवणे यांवर नियम ३७४ आणि ३७४-क खाली निलंबन होऊ शकते. त्याची किंमत केवळ त्या सदस्याला पडत नाही. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले. १९ डिसेंबरच्या यादीत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे हेही होते. निलंबितांच्या नावावरचे प्रश्न यादीतून काढले गेले, सामाईक प्रश्नांतून फक्त त्यांची नावे गळली. यातून कार्यालयासाठी धडा असा: महत्त्वाचा प्रश्न मित्रपक्षाच्या आणखी एक-दोन सदस्यांनाही त्याच दिवसासाठी द्यायला सांगा. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, आणि एक नाव गेले तरी उत्तर राहते.

## टप्पा ८: उत्तर वाचा, ओळ न ओळ

उत्तरांची एक ठरीव भाषा असते. ती ओळखता आली पाहिजे.

‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाचून फाईल बंद करू नका. हे आश्वासन आहे. शासकीय आश्वासन समिती त्याची नोंद घेते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हेही बहुधा आश्वासनात धरले जाते. तारीख लिहा, तीन महिने मोजा, मग मंत्रालयाला पत्र आणि समितीला पत्र.

‘राज्य सरकारकडून प्रस्ताव प्राप्त झालेला नाही’ हे उत्तर तर सोन्यासारखे. आता चेंडू मुंबईत आहे हे केंद्राने लिहून दिले. ते उत्तर जोडून राज्याच्या सचिवांना पत्र द्या आणि आमदाराला विधानसभेत प्रश्न करायला सांगा.

‘ही निरंतर प्रक्रिया आहे’ याचा अर्थ काहीही झालेले नाही.

तक्ता जोडला असेल तर बेरीज स्वतः करा. परिशिष्टातली बेरीज आणि मजकुरातला आकडा कधीकधी जुळत नाही. मंत्र्यांच्या उत्तरात चूक आढळली तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली लेखी कळवता येते. ही वाट फार थोडे सदस्य वापरतात. सभागृहात ‘खोटे, खोटे’ ओरडण्यापेक्षा मंत्रालयाला तिची धास्ती जास्त असते, कारण चूक असेल तर दुरुस्ती नोंदीवर करावी लागते.

## अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी वेगळी सोय

अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर, कपात सूचना देता येतात, त्यांतली प्रतीक कपात म्हणजे मागणी १०० रुपयांनी कमी करावी अशी सूचना. ती नेमक्या एका तक्रारीला वाचा फोडण्यासाठीच असते. एक सूचना, एक मागणी, एक विषय. युक्तिवाद नको, कायद्यात बदल सुचवू नका, विषय केंद्राच्या जबाबदारीचा हवा. आदल्या दिवशी नोटीस. मतदानात ती पडणार हे ठरलेलेच असते, त्याची फिकीर नको. ‘अमुक स्थानकावरील भुयारी मार्गातील पाणी साचण्याचा प्रश्न सोडवण्यात आलेले अपयश’ हे शब्द सभागृहाच्या कागदांवर रेल्वेच्या मागणीखाली छापले जातात. ज्या मंत्रालयाची मागणी चर्चेला येणार नाही तिथे मेहनत घेऊ नका. बऱ्याच मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच मंजूर होतात.

## टप्पा ९: मतदारसंघात परत

उत्तर आल्यापासून आठवड्याच्या आत निवेदन देणाऱ्यांना मूळ उत्तराची प्रत आणि एका पानात मराठी सारांश द्या. सारांशात तीनच गोष्टी: काय विचारले, सरकार काय म्हणाले, पुढे काय आणि कोणी करायचे. चित्रफीत हवी तर सोबत पाठवा, पण तिच्या जोरावर तलाठ्यासमोर किंवा स्टेशनमास्तरसमोर काही सिद्ध होत नाही. प्रश्न क्रमांक आणि तारीख असलेला कागद चालतो.

तोच कागद घेऊन जिल्ह्याच्या दिशा समितीत जा. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या या समितीचे अध्यक्षपद जिल्ह्यातल्या ज्येष्ठ लोकसभा सदस्याकडे असते, पक्ष कोणताही असो. विरोधी खासदार स्वतः अध्यक्ष असेल तर कार्यसूचीत विषय क्रमांक एक म्हणून ते उत्तर ठेवा: मंत्र्यांनी सभागृहात हा आकडा दिला, जिल्हाधिकारी कार्यालयाचा आकडा काय? दोन्ही आकडे इतिवृत्तात आले पाहिजेत.

शेवटी नोंदवही. प्रत्येक विषयाला एक पान: निवेदनाची तारीख, मंत्र्याला पत्र, प्रश्न क्रमांक, उत्तराचा गाभा, आश्वासन असल्यास तीन महिन्यांची तारीख, समितीला पत्र, दिशा बैठकीचा दिनांक. तीन महिन्यांची तारीख लाल शाईने. ती उलटली की पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यासाठीचा मसुदा त्याच पानामागे लिहायला घ्या.